जळगावात भाड्याने घर: महाबळ, गणेश कॉलनी की एमआयडीसीच्या बाजूला?

शहादेकर
नमस्कार मंडळी. जुलैपासून जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात रुजू व्हायचं आहे. बहुतेक जनरल शिफ्ट, महिन्यातला एखादा आठवडा दुसरी पाळी. एकटी राहणार, दुचाकी आहे. दर पंधरा दिवसांनी शहाद्याला घरी जायचं. वन बीएचके, नाहीतर वन आरके चालेल.

दलाल तीनच नावं घेतात: महाबळ, गणेश कॉलनी आणि एमआयडीसीजवळचं अयोध्या नगर. प्रत्येक ठिकाण "एकदम चांगली वस्ती". जळगावात राहणारी माणसं भाग निवडताना खरं काय बघतात ते हवंय. जूनच्या सुरुवातीला घरं बघायला दोन दिवस येते आहे, तेव्हा काय तपासू तेही सांगा.

मेहरूणकर
ताई, आधी शहराची मांडणी समजून घ्या, मग वस्त्यांची नावं. धुळे-भुसावळ महामार्ग (जुना ६ नंबर, आताचा ५३) शहराच्या मधोमध पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या उत्तरेला जुनं गाव, बाजारपेठ, स्टेशन, बसस्थानक, मू. जे. कॉलेज, गणेश कॉलनी. दक्षिणेला महाबळ, रामानंद नगर, आदर्श नगर, मेहरूण. एमआयडीसी पूर्वेला, अजिंठा चौफुलीच्या अंगाने. पिंप्राळा आणि खोटे नगर पश्चिमेला, मुंबई लाइनच्या पलीकडे.

म्हणून अंतर नुसतं किलोमीटरमध्ये मोजू नका. रोज महामार्गावर किती वेळ गाडी चालवावी लागेल आणि तो किती वेळा ओलांडावा लागेल ते मोजा. खोटे नगरहून एमआयडीसी म्हणजे अख्खं शहर ट्रक-डंपरच्या सोबतीने पार करायचं. महाबळहून आदर्श नगर-मेहरूणच्या आतल्या रस्त्यांनी इच्छादेवी चौकापर्यंत येता येतं, महामार्गाचा तुकडा छोटाच उरतो. गणेश कॉलनीहून आकाशवाणी चौकाकडे यावंच लागतं. महामार्गाला समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांनी इतकी वर्षं का लावून धरली, ते दुचाकीवरच्या माणसाला लगेच कळतं.

आसोदा रोड
आधी स्लॅब बघा, मग वस्ती बघा.

वाघूर
स्लॅबच्या आधी पाणी, भाऊ.

ताई, शहराला पाणी वाघूर धरणातून येतं आणि ते रोज येत नाही. त्यामुळे "पाणी आहे का" हा प्रश्न निरुपयोगी. "आहे" असंच उत्तर मिळणार. विचारायचं ते असं: नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो, किती वेळ चालतो, आणि पाणी स्वतःच्या दाबाने जमिनीखालच्या टाकीत पडतं की नळाला मोटार लावून ओढावं लागतं? मोटार लावावी लागत असेल तर घर जलवाहिनीच्या टोकाला आहे असं समजा. तिथे उन्हाळ्यात शेजाऱ्याने आधी मोटार लावली की तुमची टाकी कोरडी.

हिशोब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. नळ तीन दिवसांनी आला तर एका माणसाला ४०० लिटर साठा हवा. त्यात जळगावचा उन्हाळा. मोठा कूलर मे महिन्यात दिवसाला एक टाकी सहज पितो, म्हणजे आणखी ५०-६० लिटर रोज. एकटीसाठी ६०० लिटरची स्वतंत्र टाकी कमीत कमी धरा. टाकी चार बिऱ्हाडांत मिळून १००० लिटरची असेल तर ते घर सोडा, वस्ती कोणतीही असो.

केळीचं पान
वाघूर यांच्याशी सहमत. बोअरच्या पाण्याचं मात्र राहिलं. बऱ्याच सोसायट्यांत वापरायला बोअर आणि प्यायला नळ अशी विभागणी असते. आपल्याकडे बेसाल्टातलं पाणी जड असतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पाचशे रुपयांच्या आत मिळतो, खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा. बोअरचं पाणी १००० च्या वर दाखवत असेल तर कूलरच्या जाळ्या एका मोसमात पांढऱ्या पडून दगड होतात, गिझरच्या कॉइलवर थर बसतो, केसही राठ होतात. मीटर नसेल तर नळाचं तोंड आणि बाथरूमच्या फरश्या बघा. पांढरा खवला चढलेला असेल तर पाण्याने स्वतःच सांगितलं.

पिंप्राळा गेट
मेहरूणकर, पश्चिमेला एकदम मोडीत काढू नका. पिंप्राळ्याकडे त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते. विद्यापीठ किंवा बांभोरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी असणाऱ्याला तोच भाग सोयीचा, महाबळला राहून तो उलट अख्खं शहर ओलांडेल. कोणाची नोकरी कुठे यावर सगळं आहे.

मेहरूणकर
अगदी बरोबर. ताईंची नोकरी पूर्वेला आहे म्हणून तसं लिहिलं.

सातपुड्याचं वारं
आसोदा रोड यांनी एका ओळीत सांगितलं ते उलगडून लिहितो, कारण बाहेरून येणारी मंडळी इथेच चुकतात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तासांनी आत उतरते. म्हणजे वरच्या मजल्याचं घर दुपारी बारापेक्षा संध्याकाळी सात ते रात्री एकपर्यंत जास्त भाजतं. दलाल घर सकाळी दहाला दाखवतो, तेव्हा सगळंच छान वाटतं. तुम्ही संध्याकाळी सहा-सातला जा. हात वर करून छताला लावा, पोहोचत नसेल तर खुर्चीवर चढा. मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. हात ठेवता आला नाही तर त्या खोलीत झोप लागणार नाही.

पसंतीचा क्रम असा: वर दुसरा मजला असलेलं मधलं घर सर्वात चांगलं. ते नसेल तर गच्चीवर पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची शेड असलेलं. तेही नसेल तर गच्चीला चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) किंवा पांढरा उष्णतारोधक रंग असलेलं. उघड्या काळ्या गच्चीखालचं घर भाड्यात हजार रुपये कमी असलं तरी ते हजार विजेच्या बिलात जातात.

घरमालक खर्च करत नसेल तर चुना हा स्वस्तातला उपाय. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल मिसळायचं, झाडून-धुऊन ओलसर ठेवलेल्या गच्चीवर ऊन उतरल्यावर दोन हात द्यायचे. फेविकॉल नसेल तर पहिल्या वादळी पावसात सगळा वाहून जातो. मार्च संपायच्या आत लावायचा. चुना कालवताना डोळे आणि हात जपा, भाजतो.

कळण्याची भाकरी
ताई, बिनधास्त ये. जयगावमा बठ्ठं भेटस, फक्त मे महिनामा सावली भेटत नही.

शहादेकर
कळण्याची भाकरी, शहाद्यालाही तेच शे भो!

वाघूर, सातपुड्याचं वारं, हे सगळं वहीत उतरवलं. एक विचारते: कूलर की एसी? दोन्ही भाड्याने मिळतात असं दलाल म्हणतो.

सातपुड्याचं वारं
मार्च ते जूनचा पहिला आठवडा कूलर. हवा कोरडी असते तेव्हा कूलर उत्तम चालतो. पाऊस जवळ आला, हवेत दमटपणा आला की कूलर फक्त चिकचिक वाढवतो. पण कूलर चालण्यासाठी एक अट आहे जी घर बघतानाच तपासावी लागते: एका खिडकीतून हवा आत आली तर समोरच्या बाजूने बाहेर जायला वाट हवी. एकच खिडकी असलेल्या वन आरकेत कूलर अर्ध्या तासात भिंती घामेजून टाकतो. कूलर खोलीत ठेवू नका, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवा. स्टँड ठोकायला मालक परवानगी देतो का, खिडकीचं ग्रिल काढता येतं का, जवळ पाण्याचा नळ आहे का, हे आधी विचारा.

एसीबद्दल वायरिंगची माणसं सांगतील.

फेज न्यूट्रल
सांगतो. दीड टनाच्या एसीला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि मीटरच्या बोर्डापासून थेट ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर हवी. जुन्या घरांत अडीचची वायर फ्रिज आणि मिक्सरसोबत वाटून दिलेली असते. त्यावर एसी चालवला की जोड तापतो, सॉकेट पिवळा पडतो, एक दिवस जळतो. घर बघताना सॉकेटच्या कडा बघा. तपकिरी डाग असेल तर तिथे आधीच तापलेलं आहे.

त्याहून महत्त्वाचं मीटर. महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे की मालकाने आपल्या मीटरवर सब-मीटर लावलाय? महावितरणचे दर टप्प्याने चढतात: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग पुढे. मालकाचं आणि तुमचं वापर एकाच मीटरवर मोजलं गेलं की दोघांचं मिळून वरच्या टप्प्यात जातं, आणि मालक तो वरचा दर तुमच्याकडून घेतो. स्वतंत्र मीटर असेल तर बिल मागा. १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो, थकबाकी ऑनलाइन दिसते. बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. एप्रिल-मेचा आकडा जानेवारीच्या किती पट आहे बघा. चार-पाच पट असेल तर आधीचा भाडेकरू गरमीशी झुंजत होता.

गिरणाकाठ
माझं मत जरा वेगळं. तुम्ही सगळे महाबळकडे ढकलताय. दुसरी पाळी सुटल्यावर अयोध्या नगरला दहा मिनिटांत घरी पोहोचता येतं, हा फायदा कमी आहे का? भाडंही कमी.

मेहरूणकर
कमी नाही. पण रात्री त्या बाजूला जाग किती असते? एमआयडीसीच्या कडेचे रस्ते शिफ्टच्या वेळी भरलेले आणि मधल्या वेळेत सुनसान. प्लास्टिक आणि डाळ मिलचा वास-धूळ वाऱ्याच्या दिशेवर. दुकानं लवकर बंद होतात. महाबळला काव्यरत्नावली चौक, भाऊंचे उद्यान या पट्ट्यात उशिरापर्यंत माणसं असतात. एकटीने राहणाऱ्या मुलीला ते महत्त्वाचं वाटेल.

गिरणाकाठ
आतल्या गल्ल्या आणि कडेचे प्लॉट यात फरक करायला हवा, एवढंच. अयोध्या नगरच्या भरलेल्या गल्लीत रात्री काहीच अडचण नाही. अडचण कुसुंब्याकडे नव्याने पडलेल्या लेआउटमध्ये आहे, जिथे दहा प्लॉटमागे दोन घरं.

ड्यूटी ऑफिस
वादात एक मुद्दा निसटतोय. कारखान्यात महिलांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायचं तर सुरक्षिततेची आणि घरापर्यंत वाहनाची जबाबदारी कारखान्यावर येते. म्हणून घर ठरवण्याआधी मनुष्यबळ विभागाला फोन करा: दुसऱ्या पाळीला गाडी आहे का, ती कोणत्या मार्गाने जाते, थांबे कुठे, आणि दारापर्यंत सोडते की चौकापर्यंत? हे लेखी ईमेलवर मागा. गाडी महाबळ-रामानंद नगर फिरत असेल तर अंतराचा प्रश्नच उरत नाही. नसेल तर गिरणाकाठ यांचं म्हणणं बरोबर ठरेल.

शहादेकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच विचारते.

पोथी आणि पाटी
नव्या लेआउटचा विषय निघाला म्हणून. कडेचा भाग बहुतेक काळ्या कापसाच्या जमिनीवर आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. भाडेकरूला याचे दोन त्रास. पहिला, रस्ता डांबरी झालेला नसेल तर पावसाळ्यात दुचाकी मडगार्डपर्यंत चिखलात रुतते. जूनच्या सुरुवातीला घर बघाल तेव्हा तोच रस्ता कोरडाठाक, छान दिसेल. मुरूम टाकलाय की नुसती माती, हे पायाने उकरून बघा. दुसरा, पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात आणि दारं चौकटीत अडकतात. घरातली सगळी दारं एकदा उघडून-लावून बघा. तिरकी भेग बोटाच्या नखापेक्षा रुंद असेल तर पावसाळ्यात भिंतीतून ओल येणार.

भुसावळ पॅसेंजर
थोडं विषयांतर. भुसावळला राहून येणं-जाणं कसं? रेल्वेने अर्ध्या तासाचा रस्ता, मासिक पास स्वस्त, भाडंही कमी.

मेहरूणकर
स्टेशनजवळच्या नोकरीला उत्तम. एमआयडीसीला नाही. स्टेशनवर उतरून पुन्हा पूर्वेला रिक्षा करावी लागते, शेअर रिक्षा सगळ्या सीट भरल्याशिवाय हलत नाही. आणि भुसावळचं ऊन जळगावहून तसूभर जास्तच.

धुळेकर
धुळ्याला या ना सगळे! देवपूरला पांझरेच्या काठावर मोकळी हवा आहे. 😄

वाघूर
धुळेकर, नळ किती दिवसांनी येतो ते आधी सांगा. 😄

धुळेकर
तो विषय सोडून बोला हो.

चोपडा मार्गे
शहाद्याला जाण्याचा मुद्दा कोणी घेतला नाही. दोन वाटा. चोपडा-शिरपूर मार्गे एसटी, नाहीतर सुरत लाइनच्या गाडीने अमळनेर, दोंडाईचा करत नंदुरबार आणि तिथून एसटी. दोंडाईच्याला उतरूनही शहादा जवळ पडतं, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आधी बघून घ्या. दोन्ही वाटांसाठी सुरुवात बसस्थानक किंवा स्टेशनवरूनच. शुक्रवारी रात्री बॅग घेऊन जायचं तर गणेश कॉलनी, जिल्हा पेठ, रिंग रोड हा पट्टा सोयीचा आहे. महाबळहूनही फार लांब नाही. पंधरा दिवसांतून एकदाच्या सोयीसाठी रोजची गैरसोय घेऊ नका, एवढंच सांगणं.

मुक्काम पोस्ट
करारनाम्याचं लिहितो, नवीन नोकरदार इथेच फसतात.

अकरा महिन्यांचा भाडेकरार नोटरीवर करून देतो, असं बरेच घरमालक म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तीही रक्कम मिळवतात. समजा भाडं ८०००, अनामत ३०,०००, मुदत ११ महिने. भाडं झालं ८८,०००, अनामतीचं ११ महिन्यांचं व्याज धरलं २७५०, मिळून ९०,७५०. त्याचा पाव टक्का म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. वर नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. एजंट तीन-चार हजार सांगत असेल तर त्यातला बहुतेक त्याचा मेहनताना आहे, भाव करा.

करारात हे लिहून घ्या: अनामत किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का आणि किती, नोटीस किती दिवसांची दोन्ही बाजूंना, पाणीपट्टी आणि घरपट्टी कोण भरणार, कूलर-स्टँड काढून नेण्याचा हक्क. रिकाम्या घराचे भिंती, नळ, सॉकेट असे फोटो पहिल्या दिवशी काढून मालकाला पाठवून ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याची पावती घ्या, पासपोर्टच्या वेळी उपयोगी पडते.

केळीचं पान
आणि तोंडी अटीही आधीच विचारा. सामिष चालेल का, रात्री उशिरा गेट उघडं मिळेल का, आई-वडील चार दिवस राहायला आले तर चालेल का. दुसऱ्या पाळीला गेटची किल्ली स्वतःकडे नसेल तर चांगलं घरही त्रास देतं.

बट्टीवाला
मंगल कार्यालय किती लांब आहे तेही बघा! एप्रिल-मेमध्ये लग्नसराईत बँड-डीजेने कपाटं हलतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे, पण हळद सकाळीच लागते आणि तुमची झोप दुसऱ्या पाळीनंतर सकाळची. गुगल नकाशावर घराभोवती अर्ध्या किलोमीटरमध्ये "लॉन्स" शोधा.

कळण्याची भाकरी
खानावळीचं कोणी बोलेना. डबा लावण्याआधी विचारा: रविवारी संध्याकाळी असतो का, शेवभाजीत तेल वेगळं मिळेल का. आणि हिवाळ्यात भरीताची वांगी निघाली की कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर कुठे मिळतं, तो धागा वेगळा काढू.

आसोदा रोड
काढाच. बामणोदच्या वांग्यांपासून सुरुवात करा.

शहादेकर
मनुष्यबळ विभागाचं उत्तर आलं. दुसऱ्या पाळीला गाडी आहे, आकाशवाणी चौक आणि महाबळ स्टॉपपर्यंत सोडते, दारापर्यंत नाही. अयोध्या नगरला येत नाही, तिथली मंडळी आपापल्या गाडीने जातात.

ड्यूटी ऑफिस
मग दोन गोष्टी. एक, दारापर्यंत सोडावं अशी लेखी विनंती द्या, कारण चौकात सोडणं पुरेसं नाही. दोन, तोवर महाबळ स्टॉपपासून चालत पाच मिनिटांच्या आतलं घरच बघा. स्टॉपपासून घरापर्यंतचा रस्ता रात्री साडेदहाला एकदा चालून बघा. खांबावर दिवे आहेत की नाहीत, कुत्री किती, किती दुकानं उघडी.

सातपुड्याचं वारं
दोन दिवसांचं वेळापत्रक असं ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी महाबळ-रामानंद नगरमधली घरं नुसती बाहेरून बघून यादी निम्मी करा. दुपारी विश्रांती, त्या उन्हात घरं बघून निर्णय बिघडतात. संध्याकाळी सहा ते आठ उरलेली घरं आतून: छत, पश्चिमेची भिंत, खिडक्या, सॉकेट. रात्री चालून बघणं. दुसऱ्या दिवशी नळाच्या वेळेला जा, शेजारणीशी बोला. मालक जे सांगत नाही ते शेजारीण पाण्याच्या रांगेत पाच मिनिटांत सांगते.

वाघूर
आणि टाकीचं झाकण उघडून आत बघायला विसरू नका. तळाशी गाळ किती, झाकण बसतं का, टाकी काळी की पांढरी. काळ्या टाकीवर सावली नसेल तर मे महिन्यात अंघोळीचं पाणी रात्रीच काढून ठेवावं लागतं.

पिंप्राळा गेट
ताई, महाबळला भाडं जमलं नाही तर आदर्श नगरच्या मागच्या गल्ल्या बघा. नाव मोठं नाही, म्हणून भाडं आवाक्यात. गाडीचा स्टॉप मात्र तिथून किती लांब पडतो ते नकाशावर मोजून घ्या.

शहादेकर
महाबळ स्टॉपजवळची तीन आणि आदर्श नगरची दोन घरं दलालाकडून ठरवली. संध्याकाळी सहाची वेळ सांगितली तर म्हणे, "सकाळी या ना, उजेड असतो." सहालाच येणार म्हणून कळवलं. टीडीएस मीटर मागवला आहे. आदर्श नगरच्या एका घराला सब-मीटर आहे, मालक युनिटला १२ रुपये म्हणतो. फेज न्यूट्रल, ते घर यादीतून काढू का?

फेज न्यूट्रल
काढू नका, बोला. मालकाचं मागच्या मे महिन्याचं बिल मागा आणि एकूण रकमेला एकूण युनिटने भागा. येणारा दर १२ च्या खाली असेल तर त्याच दराने देईन म्हणा, आणि सब-मीटरचं पहिलं रीडिंग तारखेसह करारात लिहून घ्या. बिल दाखवायलाच तयार नसेल तर मग काढा.